सोलापूरच्या साडेपाच महालांचं भांडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पाहुणे आले की रविवारी सकाळी त्यांना भुईकोटात फिरवून आणायचं काम माझ्याकडे असतं. तटावर उभं राहून सिद्धेश्वर तलावाकडे बघत प्रत्येक जण साधारण तेच विचारतो. आदिलशाही आणि निजामशाही ही नावं शाळेत पाठ केलेली असतात, पण ही दोन राज्यं आपल्या गावावरून पिढ्यानपिढ्या भांडत होती हे अर्ध्या सोलापूरकरांनाही माहीत नसतं. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय.

हे भांडण नेमकं कोणाकोणात?

नगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही. दोन्ही राज्यं बहमनी सल्तनत फुटली तेव्हा, 1490 च्या सुमारास उभी राहिली. आज दोन्ही ठिकाणं एसटीच्या एका मुक्कामात येतात, म्हणून हे आपल्याला घरातलं भांडण वाटतं. त्या काळी मात्र दोघांचे तख्त, नाणं, वकील आणि फौज सगळं वेगळं होतं. शेजारी शेजारी असलेले दोन देशच म्हणा ना. मध्ये हद्दीवर कोण, तर आपण.

‘साडेपाच महाल’ ही काय भानगड आहे? साडे कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो. परंड्याचा ख्वाजा जहान आणि सोलापूरचा जैनखान हे दोघे भाऊ, बहमनी काळातले सरदार. त्या दोघांकडे मिळून अकरा महाल (महाल म्हणजे राजवाडा नव्हे, महसुलाचा तालुका). वाटणी निम्मी निम्मी केली, म्हणून एकाला साडेपाच आणि दुसऱ्याला साडेपाच. बांधावरची भाऊबंदकी असते ना, तशीच ही, फक्त बांध जरा मोठा. पुढे भाऊ गेले, बहमनी राज्य गेलं, पण ‘सोलापूर आणि साडेपाच महाल’ हा शब्द तसाच राहिला. पुढे सोलापूर मागताना नगरकर साडेपाच महालांसकट मागायचे. अर्धा महालसुद्धा कोणी सोडायला तयार नव्हतं.

विजापूरच्या ताब्यात हे सगळं पहिल्यांदा आलं 1511 मध्ये. इस्माईल आदिलशाह तेव्हा अजून पोर होता आणि कारभार कमालखान दख्खनीच्या हातात होता. त्याने सोलापूरला वेढा घातला. जैनखानाने नगरकडे मदत मागितली, ती वेळेवर आली नाही, आणि किल्ला गेला. नगरकरांच्या मनात ही सल तेव्हापासूनची.

दोघांना सोलापूरच का हवं होतं? इथे होतं तरी काय?

खरं सांगायचं तर डोंगर नाही, घाट नाही, सोन्याची खाण नाही. काळी जमीन, ज्वारी आणि ऊन. पण नकाशा उघडा आणि फक्त नद्या बघा.

सीना नदी नगरजवळ उगम पावते. नगर शहर तिच्याच काठी आहे. तिथून ती खाली वाहत येते, सोलापूरच्या अलीकडून जाते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. (तोच संगम, जिथे 1018 चा मराठी शिलालेख सापडला.) नगरहून दक्षिणेला फौज आणायची तर हजारो घोडी, बैल आणि हत्तींना रोज पाणी लागणार. ते देणारी वाट सीनेच्या खोऱ्यातली, आणि त्या वाटेच्या टोकाला सोलापूर.

आता विजापूरकडून या. आज सोलापूर-विजापूर रस्त्याने गेलात तर वडकबाळला सीना ओलांडता आणि पुढे टाकळीला भीमा. भीमा ही विजापूरची नैसर्गिक हद्द. पावसाळ्यात ती भरली की पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे भीमेच्या उत्तरेला पाय ठेवायला एक पक्की जागा हवी, आणि ती सोलापूरची गढी. अंतरही बघा. विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास, नगर त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे विजापूरला सोलापूर हे दाराबाहेरचं अंगण, आणि नगरला ते शेजाऱ्याने आपल्या दारात टाकलेलं खाट-बाजलं. कोण गप्प बसेल?

सपाट मुलुखात आडोसा नसतो, म्हणून इथला किल्लाही तसाच बांधलाय. एकात एक दोन तट, बाहेर खंदक आणि एका अंगाला तलाव. उंची नाही म्हटल्यावर पाणी आणि दगड यांच्यावरच भिस्त.

पहिली मोठी लढाई कोणती?

लग्नाची. म्हणजे लग्नानंतरची.

1524 च्या सुमारास दोन्ही सुलतान इथेच सोलापुरात भेटले. इस्माईल आदिलशाहाची बहीण बीबी मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली. लग्न थाटात झालं, सगळे घरोघर गेले. मग नगरकरांनी विचारलं, हुंड्यात कबूल केलेलं सोलापूर आणि साडेपाच महाल कुठे आहेत? विजापूरचा वजीर असदखान लारी याने शब्द दिला होता असं त्यांचं म्हणणं. इस्माईल म्हणाला, कोणी काय कबूल केलं मला माहीत नाही, मी तर काही बोललो नव्हतो.

मुलीकडचा मामा बैठकीत काहीतरी बोलून जातो आणि नंतर वडील हात वर करतात, हे आपल्याकडे अजूनही चालतं. फक्त इथे वरपक्ष हत्ती घेऊन आला. बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशाहाला बरोबर घेतलं आणि सोलापूरवर चालून आला. इस्माईलकडे सैन्य कमी होतं, पण त्याचे तिरंदाज चांगले होते. लढाई उन्हातान्हात झाली. ऐन गर्दीत बुऱ्हाण निजामशाह तहानेने आणि उन्हाने मूर्च्छित पडला. त्याला पालखीत घालून थेट नगरकडे नेलं, आणि राजाच निघाल्यावर फौज कशाला थांबते.

आमचे पुण्याचे पाहुणे एप्रिलमध्ये तटावर चढून दहा मिनिटांत सावली शोधतात, तेव्हा मी हीच गोष्ट सांगतो. बुऱ्हाणच्या अंगावर तर चिलखत होतं.

मग विजयनगरचा रामराया मध्ये कुठून आला?

बोलावला म्हणून आला. एकट्याने जमत नाही म्हटल्यावर बुऱ्हाणने दक्षिणेच्या शेजाऱ्याला हाक मारली. 1543 च्या सुमारास नगर, गोवळकोंडा आणि विजयनगर तिघांनी तीन बाजूंनी विजापूरला धरलं. तेव्हा विजापूरच्या गादीवर इब्राहिम आदिलशाह पहिला होता. म्हातारा असदखान लारी अजून होताच. त्याने सल्ला दिला की बुऱ्हाणला सोलापूरचे महाल देऊन टाका, तो निघाला की बाकीचे आपोआप निघतील. झालंही तसंच. मात्र सोलापूर फार दिवस नगरकडे राहिलं नाही, ते पुन्हा विजापूरकडे गेलं.

पुढचा डाव 1552 च्या आसपासचा. बुऱ्हाण आणि रामराया यांनी आधीच ठरवून टाकलं: रायचूर-मुदगलचा दोआब तुझा, सोलापूर माझं. दोघांनी आपापल्या वाट्याचे किल्ले घेतले. बुऱ्हाणने सोलापूर घेतलं आणि पुढच्याच वर्षी, 1553 मध्ये तो वारला. आयुष्यभर जे मागितलं ते असं शेवटी हातात आलं.

घोड्यावरून उतरल्यामुळे लढाई हरली, ही गोष्ट खरी का?

जुन्या फारसी इतिहासात ती आहे, आणि सोलापूरच्या सगळ्या लढायांत हीच मला सर्वात जास्त चटका लावते.

बुऱ्हाणनंतर हुसेन निजामशाह गादीवर आला. इब्राहिम आदिलशाहाला वाटलं, नवीन राजा आहे, आता सोलापूर सोडवून घेऊ. त्याच्याकडे तेव्हा सैफ ऐनुल्मुल्क नावाचा सरदार होता. आधी हा नगरच्याच चाकरीत होता, नुकताच इकडे आलेला. सोलापूरजवळ दोन्ही फौजा भिडल्या. ऐनुल्मुल्कने समोरची फळी फोडली, नगरचं सैन्य मागे रेटलं. मग त्याच्यावर उलटा दाब आला. या माणसाची एक सवय होती. लढाई अटीतटीची झाली की तो घोड्यावरून खाली उतरायचा, म्हणजे आता पळणं नाही, इथेच मरायचं नाहीतर जिंकायचं. त्या दिवशीही तो उतरला.

लांबून इब्राहिमच्या माणसांनी एवढंच पाहिलं की ऐनुल्मुल्क घोड्यावरून उतरला. त्यांनी धावत जाऊन सुलतानाला सांगितलं की तो जुन्या धन्याला मुजरा करायला उतरलाय, फितूर झाला. इब्राहिमने शहानिशा केली नाही, घोडा वळवला आणि थेट विजापूर गाठलं. जिंकत आलेली लढाई एका अफवेने गेली.

ऐनुल्मुल्क बिचारा मागून विजापूरला आला, तर त्याला दाराशी उभं केलं नाही. मग तो खरंच बंडखोर झाला. इब्राहिमच्या फौजांना त्याने इतकं हैराण केलं की विजयनगरची मदत मागवावी लागली. तिथून हाकलल्यावर तो नगरला गेला, आणि हुसेनने त्याला मारलं. दोन्ही राज्यांची चाकरी केली, आणि शेवटी दोन्हीकडे त्याला जागा उरली नाही.

मुलूखमैदान तोफ सोलापूरच्या किल्ल्यावर होती का?

नाही. पण तिचा या भांडणाशी संबंध नक्की आहे. तोफ ओतली नगरमध्ये, 1549 साली, बुऱ्हाण निजामशाहाच्या तोफखान्याचा प्रमुख मुहंमद बिन हसन रूमी याने. त्याचं नाव तोफेवर कोरलेलं आहे. वजन सुमारे 55 टन, आणि तोंड म्हणजे जबडा वासलेला प्राणी, दातांत हत्ती पकडलेला. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती. 1632 मध्ये विजापूरच्या मुरार जगदेवने ती ओढून विजापूरला नेली. आज ती तिथल्या शेरझा बुरुजावर आहे. नगरने घडवलेलं हत्यार विजापूरच्या तटावर बसलंय, हे पाहून भांडणाचा शेवट कोणाच्या बाजूने झुकला याचा थोडा अंदाज येतो.

चांदबिबीला सोलापूर हुंड्यात दिलं होतं म्हणतात. खरं की दंतकथा?

खरं. आणि इथे हिशेब उलटा होतो, बघा.

अली आदिलशाह पहिला 1558 मध्ये गादीवर आला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर नगरकडे सोलापूर आणि कल्याणी (आजचं बसवकल्याण) मागितली. दिली नाही म्हणून रामराया आणि गोवळकोंड्याच्या कुतुबशाहाला घेऊन नगरच्या मुलुखात घुसला. कल्याणी मिळाली, सोलापूर मिळालं नाही. त्या स्वाऱ्यांत रामरायाचं वजन इतकं वाढलं की सगळे सुलतान धास्तावले. मग एकत्र यायचं ठरलं, आणि एकत्र यायचं तर आधी सोलापूरची गाठ सोडवणं भाग होतं.

1564 मध्ये दुहेरी सोयरीक झाली. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अलीला, आणि अलीची बहीण हादिया हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला. चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून विजापूरला गेला. चाळीस वर्षांपूर्वी विजापूरने हुंड्यात द्यायचं नाकारलेलं सोलापूर आता नगरने हुंड्यात दिलं. त्याच एकीतून 23 जानेवारी 1565 ची तालिकोटची लढाई झाली आणि रामराया मारला गेला. विजयनगर पडलं त्याची अनेक कारणं सांगतात. त्यात सोलापूरचा हुंडा बारीक अक्षरात का होईना, लिहायला हवा, असं माझं मत.

मग त्यानंतर तरी मिटलं का?

छे. फक्त भांडणाची जागा पन्नास किलोमीटर पूर्वेला सरकली, नळदुर्गला.

अली 1580 मध्ये मारला गेला. गादीवर लहान पुतण्या इब्राहिम दुसरा, आणि त्याची पालक चांदबिबी. शेजारी कच्चा दिसला की लगेच चालून जायचं हा इथला जुना रिवाज. नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी नळदुर्गला वेढा दिला. नगरच्या गादीवर कोण? मुर्तझा, चांदबिबीचा सख्खा भाऊ. म्हणजे बहीण राज्य सांभाळतेय आणि भाऊ किल्ला मागतोय. नळदुर्गच्या किल्लेदाराने दाद दिली नाही आणि वेढा उठला.

पुढे 1595 मध्ये याच नळदुर्गच्या परिसरात, त्या काळच्या शहादुर्गजवळ, नगरचा तरुण सुलतान इब्राहिम निजामशाह विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. त्याची सारी कारकीर्द काही महिन्यांची. गादीवर कोण बसवायचं यावरून नगरमध्ये गोंधळ माजला, एका गटाने मोगलांना बोलावलं, आणि शहाजादा मुराद नगरच्या तटाखाली येऊन बसला. तेव्हा माहेर वाचवायला चांदबिबी विजापूर सोडून नगरला आलेली होती. तिने 1596 चा तो वेढा कसा परतवला हे शाळेत शिकवतात. त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या नळदुर्गात झाली, हे शिकवत नाहीत.

हे धर्मयुद्ध होतं का?

दोन्हीकडे मुसलमान सुलतान आणि दोन्हीकडे मराठे शिलेदार, त्यामुळे तसं म्हणायला जागा नाही. शिया-सुन्नी हा मुद्दा होता. बुऱ्हाण शिया झाला, आणि त्याच काळात विजापूरचा इब्राहिम पहिला सुन्नी पंथाकडे वळला. पण एकाच पंथाचे असतानाही ते भांडलेच. आपल्याला जवळची गोष्ट ही की याच इब्राहिमने परदेशी सरदार कमी करून दख्खनी आणि मराठे स्वार वाढवले आणि मुलकी हिशेब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले. ब्राह्मण कारकुनांचं वजन तेव्हापासून वाढलं.

किती सैन्य होतं, किती माणसं मेली?

आकडे विचारू नका. या लढायांचा इतिहास लिहिणारे फारसी इतिहासकार मुख्य दोन, फिरिश्ता आणि तबातबा. फिरिश्ता नगर सोडून विजापूरच्या दरबारी गेला आणि तिथे बसून लिहिलं. तबातबा नगरच्या सुलतानाच्या आज्ञेने लिहीत होता. एकाच लढाईत एकाची फौज ‘धैर्याने माघारी’ येते आणि दुसऱ्याच्या लेखी तीच ‘पळून जाते’. राजे, सरदार, तह आणि लग्नं यांच्याबाबत दोघं बऱ्यापैकी जुळतात. हजारांच्या संख्येबाबत मी दोघांनाही गावच्या सभेतल्या गर्दीच्या आकड्याइतकंच मानतो.

रणमैदान बघायला कुठे जायचं?

कुठेच नाही. स्मारक नाही, पाटी नाही, खांब नाही. ‘सोलापूरजवळ’ एवढंच लिहिलेलं असतं. सोलापूरजवळ म्हणजे आज कुठे ऊस, कुठे प्लॉटिंग.

किल्ल्यातून नळदुर्गपर्यंत भुयार आहे का?

दर वेळी कोणीतरी विचारतंच. आमच्या लहानपणी एका गुरुजींनी वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं, घोडेस्वार जाईल एवढं भुयार आहे म्हणून. आम्ही पोरांनी तीन रविवार शोधलं, मिळालं काय तर खरचटलेले गुडघे. अहो, पन्नास किलोमीटर भुयार खोदता आलं असतं तर इब्राहिम आदिलशाह त्यातूनच पळाला असता, उघड्या माळावरून कशाला?

शिवाजी महाराजांचा या लढायांशी संबंध?

या लढायांशी नाही, त्या आधीच्या. पण भोसले घराण्याचा आहे. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने विजापूर आणि मोगल यांच्या एकत्र फौजेला हरवलं, तेव्हा शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. त्या विजयाच्या जोरावर अंबर विजापूरवर चालून गेला आणि 1625 मध्ये सोलापूरचा किल्लाही घेतला. पुढच्या वर्षी अंबर वारला.

शेवटी सोलापूर कोणाचं झालं?

मुलं हाच प्रश्न विचारतात: “काका, पण जिंकलं कोण?” 1636 मध्ये निजामशाही संपली, आणि शहाजहानबरोबरच्या तहात सोलापूर-परंडा विजापूरला मिळाले. म्हणजे विजापूर जिंकलं म्हणायचं. पण 1668 मध्ये तोच किल्ला विजापूरला तहात औरंगजेबाला द्यावा लागला, आणि 1686 मध्ये विजापूरची गादीच बुडाली. त्याआधी औरंगजेबाची छावणी पडली होती ती सोलापुरातच. पेशवाईच्या शेवटी, मे 1818 मध्ये जनरल मन्रोने किल्ला घेतला, पण ती दुसरी गोष्ट.

किल्ला बघायला कधी यावं?

हिवाळ्यात, सकाळी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलात तर एका फेरीत दोन्ही होतं. आत गेल्यावर आधी बत्तीस खांबांची वास्तू बघा, खांबांवर हात फिरवा. ते मूळचे देवळाचे आहेत हे कोरीवकामच सांगतं. मग बाहेरच्या तटावर, जिथून तलाव आणि मधोमध सिद्धेश्वराचं मंदिर दिसतं तिथे उभे राहा. डावीकडे-उजवीकडे बघू नका, खाली तटाच्या चिऱ्यांकडे बघा. मध्येच एखादा कोरीव दगड आडवा बसवलेला दिसेल, कुठल्या तरी जुन्या देवळाचा. मंदिराची पाटी उलटी, नक्षी भिंतीत गेलेली. आमच्या आत्याबाई त्या दगडाला हात लावून नमस्कार करतात आणि मग माझ्याकडे वळून म्हणतात, “हे सगळं झालं, आता पाणी दे आधी.” बाटली भरूनच आणा, आत सावली कमी आहे.